वाइडबँड सर्क्युलर पोलरायझेशन अँटेना: या चुका टाळा

नाविक (भारताची उपग्रह-दिशादर्शन प्रणाली) आणि जीपीएसचे एल-५, एल-१ हे दोन्ही वारंवारता-पट्टे एकाच अँटेनात हवे असतील, तर साधारण ११६४ ते १६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३२ टक्के बँडविड्थ लागते. एस-११ (अँटेनातून किती सिग्नल परत फिरतो ते) पूर्ण पट्ट्यात −१० डीबीच्या खाली आला की काम झालं असं समजणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. लहर वर्तुळात फिरते का, हे अ‍ॅक्शियल रेशो सांगतो. तो, म्हणजे फिरत्या लहरीच्या कमाल आणि किमान पातळीतला फरक, पट्ट्याच्या टोकापासून टोकापर्यंत ३ डीबीच्या आत हवा.

९० अंशांचा हायब्रिड (सिग्नल ९० अंश फेज-फरकाच्या दोन भागांत वाटणारं सर्किट) वापरला की एस-११ आणखी फसवतो. पॅचच्या (अँटेनाच्या चपट्या धातूच्या पत्र्याच्या) दोन्ही पोर्टांवरून सारखंच परावर्तन झालं, तर ते इनपुटला रद्द होतं आणि हायब्रिडच्या आयसोलेटेड (एरवी रिकाम्या) पोर्टच्या ५० ओहम रेझिस्टरमध्ये जिरतं. पोर्टांचा रिटर्न लॉस (परतलेला सिग्नल किती कमी आहे ते) जेमतेम ६ डीबी असेल, तर पाव शक्ती तिथे उष्णता होऊन जाते. एस-११ देखणा, अ‍ॅक्शियल रेशोही बरा, फक्त गेन गायब! रेझिस्टर काढून तिथे व्हीएनएचं (नेटवर्क अ‍ॅनालायझर या मोजणी-यंत्राचं) दुसरं पोर्ट जोडा. पातळी −१० डीबीच्या वर दिसली, तर आधी पॅचचं मॅचिंग सुधारा.

हायब्रिडऐवजी पाव तरंगलांबीची लाइन लावणंही टाळा. १३८७ मेगाहर्ट्झला ती ९० अंश देते, पण ११६४ ला ७५.५ आणि १६१० ला १०४.५. अ‍ॅम्प्लिट्यूड अगदी समान असले तरी एवढ्यानेच अ‍ॅक्शियल रेशो सुमारे २.२ डीबी होतो. दोन टप्प्यांचा ब्रँचलाइन हायब्रिड किंवा शिफमन फेज शिफ्टर घ्या, दोन्ही रुंद पट्ट्यात ९० अंश जवळपास टिकवतात. सिम्युलेशनही आदर्श फेज देऊन थांबवू नका, खरं फीड नेटवर्क (पॅचला सिग्नल पोहोचवणारं सर्किट) जोडूनच चालवा.

कोपरे कापलेला एक-फीड पॅच पातळ एफआर-४ (साध्या सर्किट बोर्डाचा पदार्थ) वर या कामाचा नाही. सबस्ट्रेटचा (बोर्डाच्या पदार्थाचा) ४.४ हा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ०.२ ने हलला, तरी वारंवारता २ टक्क्यांहून जास्त सरकते. पॅच आणि ग्राउंडमध्ये हवेचं १५-२० मिमी अंतर ठेवा. मात्र त्यात सरळ प्रोब (सिग्नल देणारी पिन) लांब होऊन इंडक्टिव्ह, म्हणजे कॉइलसारखा बनतो, म्हणून एल आकाराचा प्रोब वापरा.

पोलरायझेशनची फिरण्याची दिशा उलटी होणं फार सोपं आहे. चार फीड असतील, तर वरून पाहताना फेज-विलंब घड्याळाच्या उलट दिशेने ०, ९०, १८०, २७० असा वाढला पाहिजे. तेव्हाच उपग्रहाला जुळणारं उजवं पोलरायझेशन मिळतं. नेटवर्क बोर्डाच्या मागच्या बाजूला असेल, तर लेआउट आरशासारखा उलटतो. चूक झाली, तर १५ डीबी किंवा जास्त सिग्नल जातो.

तपासताना समोर लिनिअर अँटेना ठेवून तो अक्षाभोवती फिरवा. कमाल आणि किमान पातळीतला फरक म्हणजेच अ‍ॅक्शियल रेशो. ११६४, १३८७ आणि १६१० या तिन्ही ठिकाणी मोजा, आणि अँटेना ३० व ६० अंश तिरका करूनही. भिंतीवरून परतलेली लहर आकडे बिघडवते, म्हणून हे मोकळ्या गच्चीवर करा आणि केबलवर फेराइट (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं चुंबकीय कडं) चढवा.