आधी चाकं, मग बॉनेट: डिझेल इंजिनाचं मोठं मॉडेल बनवताना या चुका टाळा

कारखान्यांत, खाणींत, वीटभट्ट्यांवर रुळांवरून चालणाऱ्या छोट्या डिझेल रेल्वे इंजिनाचं मॉडेल दिसायला सोपं असतं. चार चाकं, एक फ्रेम, वर चौकोनी बॉनेट. वाफेच्या इंजिनासारखा बॉयलर नाही, बाहेर सिलिंडर नाही. त्यामुळे बरेच जण पत्र्यापासून सुरुवात करतात. महिन्याभरात देखणं बॉनेट उभं राहतं आणि पहिल्याच वळणावर इंजिन रुळावरून उतरतं. दोष जवळजवळ नेहमी खाली असतो: चाकांत, ॲक्सलमध्ये, फ्रेममध्ये. आणि रत्नागिरी, मालवण, श्रीवर्धनसारख्या किनाऱ्यावर काम करत असाल तर खाली जे चुकेल ते खारं वारं दुप्पट वेगाने खातं.

पुढची सगळी मापं १२७ मिमी (५ इंची) गेजच्या, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर असलेल्या, माणूस मागे बसून चालवेल अशा बॅटरीवरच्या मॉडेलची आहेत. वजन साधारण ६० किलो, चाकाचा व्यास ९५ मिमी.

प्रमाण चुकतं ते गेजमुळे

नेरळ-माथेरानची गाडी २ फुटी, म्हणजे ६१० मिमी गेजवर चालते. इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीची सिम्प्लेक्स इंजिनंही बहुतेक याच मापाच्या आसपासच्या रुळांवर धावली. ६१० भागिले १२७ म्हणजे ४.८. तेव्हा ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप ४.८ ने भागायचं. पण हाती लागलेलं ड्रॉइंग १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवाल्या इंजिनाचं असेल, तर भागाकार ११.३ ने होतो आणि त्याच रुळावरचं इंजिन खेळण्याएवढं होतं. ड्रॉइंग कुठल्या गेजचं आहे हे पत्रा कापायला देण्याआधी बघा. जुनी ड्रॉइंग फूट-इंचांत असतात. ती मिमीत आणताना लेझर कटिंगवाल्याला फाइल देण्यापूर्वी एक ओळखीचं माप, म्हणजे ॲक्सलमधलं अंतर, हाताने ताडून घ्या.

फ्रेमला पीळ

८ मिमीच्या बाजूच्या पट्ट्या आणि आडव्या प्लेटी यांचं वेल्डिंग एका कोपऱ्यापासून सरळ पुढे ओढत नेलं की फ्रेम पिळते. आधी सगळीकडे टाके मारा, मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने घ्या आणि मध्ये थंड होऊ द्या. तपासणी घरच्या घरी होते. फ्रेम कडाप्प्याच्या सपाट फरशीवर ठेवा, चारही कोपऱ्यांखाली साध्या वहीच्या कागदाची पट्टी सरकवा. एक पट्टी सहज निघाली आणि बाकी तीन अडकल्या तर फ्रेम पिळलेली आहे. ती चाकं बसवण्याआधीच सरळ करायची. बेअरिंगखाली वॉशर घालून पीळ लपवला तर ॲक्सल तिरका होतो आणि चेन एका बाजूने घासते.

चौथं चाक हवेत

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण सगळं झाल्यावर कळते. चारही बेअरिंग फ्रेमला पक्की बोल्ट केली की इंजिन म्हणजे चार पायांचं ताठ टेबल. वाडीतला रूळ जांभ्याच्या भरावावर असेल तर पहिल्या पावसात भराव बसतो आणि एखाद्या जोडावर रूळ २ मिमी खचतो. त्या जागी एक चाक हवेत राहतं. फ्लँजची, म्हणजे चाकाच्या आतल्या कडेला उभ्या असलेल्या पाळीची, उंचीच ४-५ मिमी, त्यात वळण आलं की चाक रुळावर चढतं.

उपाय दोन. सोपा असा की एक ॲक्सल पक्का ठेवायचा आणि दुसऱ्याची दोन्ही बेअरिंग एका आडव्या बीमवर बसवायची. हा बीम मध्यभागी १२ मिमीच्या एकाच पिनवर डुलतो आणि दोन्ही टोकांना ३-३ मिमी वरखाली जातो. इंजिन मग तीन पायांच्या तिवईसारखं बसतं आणि चारही चाकं रूळ सोडत नाहीत. दुसरा उपाय चारही बाजूंना स्प्रिंगचा. इथे लोक हमखास फार कडक स्प्रिंग घेतात. ६० किलोचे चार भाग म्हणजे चाकागणिक १५ किलो. त्या वजनाला स्प्रिंग सुमारे ५ मिमी दबली पाहिजे, म्हणजे मिमीला ३ किलो. हाताने अजिबात न दबणारी स्प्रिंग घातली तर फ्रेम ताठच राहते, खर्च तेवढा वाढतो.

वजनाचीही वाटणी बघा. दोन्ही ॲक्सलखाली एकेक वजनकाटा ठेवला की लगेच दिसतं. बॅटऱ्या एका टोकाला कोंबल्या तर हलक्या बाजूची चाकं रुळावरून सहज उतरतात.

चाकं लेथवाल्यावर सोडू नका

लेथवाल्याला ‘चार चाकं, ९५ मिमी’ एवढंच सांगून भागत नाही. दोन्ही ॲक्सल चेनने जोडलेले असतात, म्हणून चारही चाकांच्या व्यासात ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. एक जोडी ०.५ मिमीने मोठी असेल तर प्रत्येक फेऱ्यात परिघात सुमारे दीड मिमीचा फरक पडतो. तो कुठल्यातरी चाकाने घसरूनच भरून निघतो. चेन तणावात राहते, मोटर विनाकारण करंट खाते. चारही चाकं एकाच टूलने, एकाच सेटिंगमध्ये उतरवून घ्या. चाकाला २ ते ३ अंशांचा उतार असतो, तेव्हा व्यास मोजताना चारही चाकांवर फ्लँजपासून तेवढ्याच अंतरावर मोजा.

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ११९ मिमी. पत्र्याची बरोबर ११९ ची पट्टी घासून ठेवा आणि चाक फिरवत तीन जागी लावून बघा. एका जागी सैल, दुसरीकडे घट्ट, म्हणजे चाक ॲक्सलवर डुगडुगतंय. अंतर कमी पडलं तर पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, चाकाची पाठ चेक रेलला (रुळाच्या आतल्या जोडपट्टीला) अडकते. जास्त झालं तर वळणावर फ्लँज आवळतात.

ॲक्सलला २० मिमीचा ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा ब्राइट बार पुरतो. चाक नुसत्या ग्रब स्क्रूवर (डोकं नसलेल्या, दाबून धरणाऱ्या स्क्रूवर) ठेवलं तर पहिल्याच चढावर सरकतं. चावीचा गाळा पाडा. बेअरिंग ६००४, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या. पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये इथली दमट हवा लवकर शिरते.

चेन आणि गिअरिंग

समजा, मोटरवर २४ व्होल्ट, २५० वॅट, २६५० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेलं आहे. चाकाचा परीघ २९८ मिमी. ताशी ६ किमी म्हणजे मिनिटाला १०० मीटर, त्याला चाकाचे सुमारे ३३५ फेरे लागतात. २६५० भागिले ३३५, म्हणजे साधारण ८:१. बरेच जण ११ दात्यांवरून ४४ वर, म्हणजे ४:१ वर थांबतात. इंजिन सुसाट पळतं, पण दोन माणसं बसली की मोटर तापून वास येतो. ८:१ ला मोटर पूर्ण जोर लावते तेव्हा चाक घसरण्याच्या बेतात असतं, आणि तसंच हवं: मोटर जळण्याआधी चाक घसरावं.

एका टप्प्यात ८:१ बसत नाही, मधला शाफ्ट लागतो. लहान स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १३ दात्यांपेक्षा कमी घेतलं तर संथ चालीत झटके जाणवतात. चेनला मधोमध बोटाने दाबल्यावर दोन सेंटरमधल्या अंतराच्या २ टक्के ढील असावी. ॲक्सल डुलता असेल तर ती सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या स्थितीत, दोन्हीकडे तपासा. एका स्थितीत चेन तारेसारखी ताणली गेली तर बीम डुलणारच नाही.

वायरिंग

३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात, कंट्रोलरजवळ (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या पेटीजवळ) नाही. वायर ४ स्क्वेअर मिमीची. चालत्या इंजिनात रिव्हर्सचा खटका टाकला की कंट्रोलर जातो, म्हणून मध्ये ‘बंद’ स्थिती असलेलाच स्विच घ्या. आणि मोटर म्हणजे ब्रेक नव्हे. चेन तुटली तर उतारावर काही उरत नाही, तेव्हा बसायच्या डब्याला स्वतंत्र यांत्रिक ब्रेक हवाच.

खारं वारं

कॅबसाठी एमडीएफ नको. एका पावसाळ्यात कडा फुगतात. लाकूड हवं तर मरीन प्लाय आणि कापलेल्या कडांना इपॉक्सी. ॲल्युमिनियमच्या बॉनेटला लोखंडी स्क्रू लावले तर भोकांभोवती पांढरी भुकटी जमते आणि रंग फुगतो. मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. जीआय (जस्ताचा थर असलेल्या) पत्र्यावर साधा प्रायमर धरत नाही, सोलून निघतो. आधी वॉश प्रायमर लावा.

घासलेल्या लोखंडावर हाताचा घाम लागला तर रात्रीत बोटांचे तांबूस ठसे उठतात. घासून झालं की गोड्या पाण्याने पुसा, लगेच कोरडं करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. दमट दिवशी स्प्रे केलेला रंग पांढरट पडतो, वर आणखी हात मारून ते झाकत नाही. रंगकाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकावं, सकाळी दव सुकल्यावर.

आगोटीच्या आधी चेन काढून धुऊन ग्रीसमध्ये ठेवा, चाकांना तेलाचा हात द्या. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट उतरलेली ठेवून चार महिने विसरलात तर ती परत उभी राहत नाही. महिन्यातून एकदा तपासा, १२ व्होल्टच्या बॅटरीचं निवांत व्होल्टेज १२.४ च्या खाली गेलं की चार्ज करा, आणि चार्जिंगला लावताना बॉनेट उघडं ठेवा, कारण आत हायड्रोजन साचतो.