शहाबादी फरशीआधी न्हाणीघराची तयारी

शहाबादी असो की कोटा, दगड पाणी अडवत नाही. सांध्यांतून आणि थोडंफार दगडातूनही ते खाली झिरपतंच. अडवायचं काम खालच्या लेपाचं. म्हणून फरशी गाडीतून उतरण्याआधी पुढचं सगळं उरकलेलं हवं.

हिशोब सहा बाय पाच फुटांच्या न्हाणीचा धरू. जमीन 30 चौरस फूट, चारही भिंतींना एक फूट उंचीचे 22, आंघोळीच्या बाजूची पाच फुटी भिंत सहा फुटांपर्यंत न्यायची तर आणखी 25. एकूण 77, म्हणजे साधारण सात चौरस मीटर. पावडर आणि पातळ रसायन अशा दोन भागांचा लेप दोन हातांना मिळून चौरस मीटरला दीड ते दोन किलो लागतो, तेव्हा 15 किलो माल पुरतो. सोबत कोपऱ्यांसाठी फायबरची जाळी, तारेचा ब्रश आणि चार इंची ब्रश.

घर काळ्या मातीवर असेल तर आधी जोत्यातली भरती बघा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आत तीच भरलेली असेल तर वरचा कितीही भारी लेप फाटणार. ती उपसून मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुम्मसाने ठोकायचे, वर चार इंच काँक्रीट. उतार इथेच, लेपाखालीच काढायचा: सहा फुटांना किमान पाऊण इंच, पाणी जायच्या जाळीकडे. फरशीखालच्या सिमेंट-रेतीच्या मसाल्यात उतार काढून भागत नाही, कारण झिरपलेलं पाणी सपाट लेपावर साचून राहतं आणि महिनाभरात वास सुटतो.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी मसाल्याला आणि तराईला (काँक्रीट पिकेपर्यंत ओलं ठेवायला) वापरू नका. त्यातला क्षार पुढे दगडावर पांढरा फुटतो. गोड्या पाण्याचा टँकर आधीच सांगून ठेवा.

सात दिवसांची तराई झाली की पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून धूळ, तेल, सुटा मसाला काढायचा. भेगा छन्नीने व्ही आकारात उघडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायच्या. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात मसाल्याचा एक-दीड इंची गोला मारायचा, म्हणजे कोपरा गोलसर करायचा. काटकोनात लेप ताणला जाऊन तिथेच तुटतो. पाइप पॉलिश पेपरने खरडायचा, गुळगुळीत पीव्हीसीला लेप धरत नाही. गळती बहुतेक वेळा निघते ती पाइपाभोवती आणि नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडाशी, म्हणून लेप ट्रॅपच्या आत वळवायचा आणि उंबरठ्यावरही चढवायचा.

लेप सकाळी ऊन चढायच्या आत लावा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना दुपारी लावलेला हात ब्रशखालीच सुकतो आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. जमीन ओलसर हवी, पण पाणी साचलेलं नको. पातळ भागात पावडर हळूहळू टाकून घोटायची, अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवायचं. ब्रश सरकावा म्हणून मिस्त्री वरून पाणी ओततात, तेवढं मात्र होऊ देऊ नका. पहिला हात आडवा, तो ओला असतानाच कोपऱ्यांत जाळी दाबायची. चार-सहा तासांनी दुसरा उभा. त्यावर ओलेपणीच चाळलेली जाडसर रेती भुरभुरली की वरच्या मसाल्याला पकड मिळते. बहुतेक लेप हवेवरच पिकतात, तराई लागत नाही. किती दिवस ते पाकिटावर असतं.

पिकल्यावर ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी 48 तास भरून ठेवा, भिंतीवर पेन्सिलची खूण करा. शेजारी पाण्याने भरलेलं घमेलंही ठेवा, कारण उन्हाळ्यात नुसत्या वाफेनेही पातळी उतरते. न्हाणीतलं पाणी घमेल्याहून जास्त उतरलं तर गळती आहे. पाणी काढा, वाळवा, ट्रॅप आणि पाइपापासून शोधायला लागा. पातळी टिकली तरच फरशी आत आणायची, तीही लेपावर पोती अंथरून. दगड उभा टेकवला की त्याच्या कोरेने लेप कापला जातो.