नाव लपवून मेसेज येतोय? आधी पुरावा, मग ब्लॉक

इन्स्टाग्रामवर बिननावाच्या खात्यावरून किंवा व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून घाण मेसेज आला, धमकी आली, की बहुतेकांचं बोट आधी 'डिलीट'कडे जातं. ते थांबवा. मेसेज गेला की पोलिसांना धागा शोधणं अवघड होतं.

पुरावा जपा. स्क्रीनशॉटमध्ये मजकूर, तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर किंवा खात्याचं नाव दिसलं पाहिजे. खात्याचं नाव तो कधीही बदलू शकतो, म्हणून प्रोफाइलची लिंक लगेच कॉपी करा आणि नाव एकेका टिंबासकट लिहून ठेवा. त्याच्या प्रोफाइलपासून सुरुवात करून पूर्ण चॅट सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. सुटे स्क्रीनशॉट मागचंपुढचं तोडून दाखवलेत, असं मग कुणाला म्हणता येत नाही. व्हॉट्सॲपचं चॅट 'एक्सपोर्ट' करून स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. एकदाच दिसणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप घेऊ देत नाही आणि इन्स्टाग्रामच्या गायब होणाऱ्या चॅटमध्ये स्क्रीनशॉट काढला तर समोरच्याला कळतं. अशा वेळी दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा.

मूळ चॅट फोनमध्येच राहू द्या. फोन रीसेट करू नका, 'मेसेज काढून द्या' म्हणून मोबाइलच्या दुकानातही देऊ नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

उत्तर द्यायचं का? वाद घालू नका, 'कोण आहेस तू' विचारत बसू नका. त्याला तेच हवं असतं. एक अपवाद आहे. कुणी पुरुष एखाद्या बाईच्या मागेच लागला असेल, तर 'मला मेसेज करू नका' एवढं एकदा स्पष्ट लिहा आणि त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा ठरवताना तिने नकार स्पष्ट कळवला होता का, हे पाहिलं जातं. पैसे मागत असेल तर मात्र एक रुपयाही देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.

मग रिपोर्ट, मग ब्लॉक. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या नंबरचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, पाठवणाऱ्याला ते कळत नाही. चॅट डिलीट करण्याचा पर्याय दिसला तर तो निवडू नका. इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताना 'त्याची इतर खाती'सुद्धा निवडा. ब्लॉक केल्याने तो चवताळेल अशी भीती असेल तर 'रिस्ट्रिक्ट' करा, त्याला पत्ता लागत नाही. स्टोरीवर निनावी प्रश्नांची लिंक टाकली असेल तर ती काढा. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत ग्रुप आणि प्रोफाइल फोटो 'फक्त माझे संपर्क' करून ठेवा.

तक्रार कुठे? जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं किंवा जवळचं कोणतंही ठाणं. हिंगोलीची मुलगी लातूरला क्लाससाठी खोली करून राहत असेल तर तिने लातुरातच तक्रार द्यावी. 'आमची हद्द नाही' हे कारण चालत नाही, झिरो एफआयआर नोंदवता येतो. घरबसल्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही तक्रार देता येते. तिथे महिला-बालकांच्या तक्रारीत नाव न सांगण्याची सोय आहे, पण पुढे काय झालं हे पाहायचं असेल तर 'रिपोर्ट अँड ट्रॅक' निवडा. पैसे गेले असतील तर तासाभरातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जिवाला धोका वाटला तर ११२.

नाव लपवून दिलेल्या धमकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ (४) मध्ये मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. अर्जात 'निनावी धमकी' हे शब्द घाला. खाजगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' या वेबसाइटवर फोटोची डिजिटल खूण तयार करा, म्हणजे त्यात सामील ॲपना तो फोटो ओळखून अडवता येतो. ती तुमच्याच फोनवर बनते, फोटो कुठेही जात नाही. वय १८ च्या आत असेल तर 'टेक इट डाउन' ही तशीच वेबसाइट वापरा. मुलांचा असा फोटो आला तर तो कुणालाही पुढे पाठवू नका, थेट पोलिसांना दाखवा.

गावच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून 'हा त्याचाच पोरगा असणार' असं लिहिणं सगळ्यात घातक. खरा माणूस सावध होऊन खातं बंद करतो, आणि अंदाज चुकला तर बदनामीची केस तुमच्यावरच उलटते.

घरच्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं: मुलीचा फोन काढून घेतला, शिक्षण बंद करायचं बोललात, तर पुढचा मेसेज ती तुम्हाला दाखवणारच नाही. 'तू बरं केलंस सांगितलंस' म्हणा आणि ठाण्यात सोबत जा. झोप लागत नसेल, जीव घाबरत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.

ऑनलाइन एफआयआर दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या. तो नव्या खात्यावरून परत आला तर तसेच स्क्रीनशॉट काढून त्याच तक्रार क्रमांकासह तपास अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या.