मडी वॉटर्सचा ‘ॲट न्यूपोर्ट १९६०’ कसा ऐकावा

ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतशैलीचा गायक मडी वॉटर्स याच्या, ३ जुलै १९६० रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात झालेल्या मैफलीचा हा अल्बम. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बेस हरवतो आणि सगळा डोलाराच कोसळतो. हेडफोन लावा.

पहिल्यांदा सलग ऐका, गाणी पुढे ढकलू नका. दुसऱ्यांदा मडीचा आवाज बाजूला ठेवून फक्त ओटिस स्पॅनचा पियानो धरा. गायकाची ओळ संपते तिथे तो उत्तर देतो, आणि माझ्या मते या अल्बमचा खरा कणा तोच आहे. मग जेम्स कॉटनचा हार्मोनिका, शेवटी फ्रान्सिस क्ले यांचे ड्रम.

बोटांवर मात्रा मोजा: चार मात्रांची एक बार, बारा बार म्हणजे ब्लूजचं ४८ मात्रांचं आवर्तन. पाचव्या बारला स्वरसंगती बदलते, नवव्याला ताण सर्वाधिक. मोजणी ‘हूची कूची मॅन’वर मात्र चुकेल, कारण तिथे सोळा बार आहेत आणि पहिल्या आठांत वाद्यमेळ थांबून-थांबून ठोके देतो. त्या शांततेतही मोजत राहा.

‘गॉट माय मोजो वर्किंग’ इथे दोनदा आहे. दुसरा भाग पुनरावृत्ती समजून गाळू नका. श्रोत्यांचा जल्लोष ऐका.

शेवटचं ‘गुडबाय न्यूपोर्ट ब्लूज’ स्पॅन गातो. शब्द कवी लँगस्टन ह्यूज यांचे. आधीच्या धामधुमीनंतर लगेच ऐकलं, तरच त्याची संथ उदासी पोचते.