स्ट्रेन सेन्सरसाठी नॅनोट्यूब-सिलिकोन फिल्म: खरी कसोटी मिसळण्यात

ताणल्यावर विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून बोटाचा वाक मोजता येतो, अशी लवचीक फिल्म करायची तर वीजवाहक बहुभिंती कार्बन नॅनोट्यूब आणि सिल्गार्ड १८४ (बेस आणि क्युरिंग एजंट मिसळल्यावर घट्ट होणारं सिलिकोन रबर) ही जोडी सुरुवातीला बरी. १० ग्रॅम बेस, १ ग्रॅम क्युरिंग एजंट, ०.३४ ग्रॅम नॅनोट्यूब, म्हणजे वजनाने ३ टक्के. ट्यूबांचं जाळं जेमतेम जुळतं त्या प्रमाणाजवळ संवेदनशीलता जास्त मिळते खरी, पण तिथे दर घाण्याचा रोध वेगळा येतो. थोडं वरच राहा.

नॅनोट्यूब ७० मिली टोल्युइन या द्रावकात घालून बीकर बर्फात ठेवा. प्रोब सोनिकेटर (द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी गोळे फोडणारी दांडी) ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद असा अर्धा तास चालवा, तोही फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). टोल्युइन चटकन पेट घेतं. ‘अजून थोडं’ म्हणून तासन् तास चालवू नका. ट्यूब तुटून आखूड होतात आणि रोध वाढतो. एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मोठे गोळे दिसले तर पुढे जाण्यात अर्थ नाही, बेस घातल्यावर ते सुटत नाहीत.

आता बेस घाला आणि ८० अंशांवर ढवळत टोल्युइन उडवा. ढवळायच्या चुंबकासह रिकाम्या बीकरचं वजन आधीच लिहून ठेवलेलं हवं: आतला माल १०.३४ ग्रॅमवर स्थिरावला की झालं. उरलेलं टोल्युइन पुढे फिल्मला भोकं पाडतं.

मिश्रण गार झाल्यावरच क्युरिंग एजंट घाला, नीट घोटा, अर्धा तास व्हॅक्यूममध्ये ठेवा. लेटेक्सचे हातमोजे नकोत. त्यातल्या गंधकाने सिलिकोन घट्ट करणारा प्लॅटिनम उत्प्रेरक निकामी होतो आणि फिल्म चिकटच राहते.

टेफ्लॉनच्या शीटवर ब्लेडने अर्धा मिलिमीटर जाडीचा थर ओढा. तांब्याच्या जाळीचे तुकडे ओल्या थरातच दोन्ही टोकांना बुडवा. वरून चांदीची पेस्ट लावली तर ती ताणल्यावर तडकते. शिवाय पृष्ठभागावर बहुधा सिलिकोनची पातळ, वीजरोधक साय असते. ८० अंशांवर दोन तास भाजा.

पहिल्या काही ताणांत रोध सरकत जातो, म्हणून वापरायच्या कमाल ताणापर्यंत फिल्म वीसेक वेळा ओढून सोडा, मगच मूळ रोध नोंदवा. रोधातला सापेक्ष बदल भागिले ताण (लांबीतली सापेक्ष वाढ) म्हणजे गेज फॅक्टर, फिल्मच्या संवेदनशीलतेचं माप. आर्डुइनोला (छोट्या कंट्रोलर बोर्डाला) जोडताना मूळ रोधाइतकाच स्थिर रोधक व्होल्टेज विभाजकात घ्या. पटकन सोडल्यावर रोध क्षणभर उलटा चढलेला दिसला तर सर्किटमध्ये दोष शोधत बसू नका. तो फिल्मचाच स्वभाव असू शकतो.