ड्रोसोफिलाची इन्व्हर्जन्स मोजताय? या चुका टाळा

पावसाळ्यात केळीच्या गाडीभोवती ड्रोसोफिला, म्हणजे त्या चिमुकल्या माशा, घोंघावायला लागल्या की एमएस्सीची पोरं बाटल्या घेऊन निघतात, आणि दिवाळीच्या आसपास तेच तेच बिघडलेले आकडे घेऊन माझ्यासमोर बसतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतेय.

सगळ्यात मोठी चूक, लूप (क्रोमोसोमला पडलेला वळसा) दिसला नाही म्हणजे इन्व्हर्जन (क्रोमोसोमचा एखादा तुकडा उलटा बसलेला असणं) नाही असं धरून चालणं. अळीच्या लाळग्रंथीतल्या पॉलिटीन क्रोमोसोममध्ये (हे खूप जाड असतात, त्यांवर आडवे पट्टे, म्हणजे बँड, दिसतात) आईकडची आणि बापाकडची प्रत एकमेकींना घट्ट चिकटून असते, त्यामुळे एक प्रत सरळ आणि दुसरी उलटी असेल तेव्हाच लूप पडतो. दोन्ही उलट्या असतील तर क्रोमोसोम एकदम सरळ, गुळगुळीत, कसली शंकाच येणार नाही. एका पोराने दादरच्या मार्केटमधून ॲनानासी ही ड्रोसोफिलाची जात आणली, पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाटलीत वाढवली आणि चार्टवर ऐटीत लिहिलं, 'दादर – इन्व्हर्जन शून्य'. गाईड खूश, पोस्टर छापायला निघालं. मी म्हटलं, बाबा, २एल हाताच्या (दुसऱ्या क्रोमोसोमच्या डाव्या भागाच्या) टोकाकडचे बँड नकाशाला लावून वाच तरी. वाचले तर क्रम चक्क उलटा! आल्फा इन्व्हर्जन, तेही दोन्ही प्रतींवर. मग स्टँडर्ड, म्हणजे न उलटलेल्या, क्रमाच्या लाइनशी क्रॉस लावून घेतला, तर पुढच्या पिढीच्या अळ्यांमध्ये स्लाइडमागून स्लाइड लूपच लूप. पोस्टर राहिलं. आणि लॅबमध्ये इतका काळ वाढवलेल्या माशांवरून दादरच्या रस्त्यावरच्या माशांबद्दल काय कळणार, हा प्रश्न वेगळाच, कारण लहान बाटलीत एखादं इन्व्हर्जन योगायोगाने सुद्धा गायब होतं किंवा सगळ्यांत पसरतं. मी पकडून आणलेल्या मादीची पहिलीच पिढी बघते आणि लूप असो नसो, बँड वाचते. वेळ लागतो. लागू दे.

दुसरी चूक, एका मादीच्या बाटलीतल्या हाताला लागतील तेवढ्या अळ्या मोजणं. ६० अळ्या म्हणजे १२० क्रोमोसोम, असं खुशाल लिहितात! अरे, ती सगळी भावंडं आहेत. आईच्या दोन प्रती, बापाच्या दोन, म्हणजे रानातून आलेल्या प्रती फार तर ४ (मादी एकाहून जास्त नरांशी जुळली असेल तर थोड्या जास्त). आईकडे एक उलटी प्रत असली की निम्म्या अळ्यांत लूप, आणि लगेच 'मुंबईत प्रमाण ५० टक्के'. वर हार्डी-वाइनबर्गची टेस्ट (प्रतींच्या जोड्या अपेक्षित प्रमाणात आहेत का हे बघणारी) लावून काहीतरी थोर सापडल्याचा आनंद. माझा नियम साधा आहे, एक मादी, एक बाटली, एक अळी. त्या अळीत एक प्रत आईकडून, एक रानातल्या बापाकडून, म्हणजे दोन खऱ्या प्रती. जास्त आकडा हवा असेल तर जास्त माद्या पकडा, शॉर्टकट नाही.

बाकीच्या पटापट. नर अळीत एक्स क्रोमोसोम एकच असतो, तिथे लूप शोधत बसू नका. ॲनानासी आणि तिच्या जवळच्या जातींच्या माद्या दिसायला सारख्याच, तेव्हा बाटलीतून निघालेल्या नरांच्या पुढच्या पायावरचे सेक्स कोंब (कंगव्यासारख्या राठ केसांच्या रांगा) बघूनच जात ठरवा. आंब्यात अंडी घालणारी फळमाशी ड्रोसोफिला नव्हे, ती बॅक्ट्रोसेरा, घराणंच वेगळं, आणि हो, दरवर्षी कोणीतरी ती घेऊन येतंच.

क्रोमोसोम बारीक, फाटके येतात? नव्वद टक्के वेळा बाटलीत गर्दी असते. थोड्याच अळ्या ठेवा, रवा-गुळाच्या खाद्यावर वरून यीस्टची पेस्ट द्या आणि १८–२० डिग्रीला सावकाश वाढू द्या. बाटलीच्या भिंतीवर चढलेली गुबगुबीत अळीच घ्या, घाईने छोटी सोलू नका. स्क्वॅश करताना (ग्रंथी काचेवर दाबून पसरवताना) कव्हरस्लिप सरकली तर ती स्लाइड फेका. आणि फोटो त्याच दिवशी काढा, ऑर्सिन या रंगाची टेंपररी स्लाइड 'उद्या बघू' म्हणून ठेवली की कडेने सुकते आणि मग बँड वाचायला माझ्याकडे आणू नका.