स्मशानभूमीत पडून दुखापत झाली? भरपाई मागताना या चुका टाळा

अंत्यविधीला गेलेला माणूस तिथे घसरून पडला, हात-पाय मोडून घेतला, तरी तो बहुधा गप्प बसतो. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांच्यासमोर आपलं दुखणं कुठे उगाळायचं, असं त्याला वाटतं. तो संकोच मला कळतो. पण जिल्हा न्यायालयात इतकी वर्षं दिवाणी वकिली करताना या प्रकारचे जे दावे हातचे गेलेले पाहिले, ते कायदा कमी पडला म्हणून गेले नाहीत. त्याच त्याच चार-पाच चुकांनी गेले. दर पावसाळ्यानंतर एखादं तरी कुटुंब तीच चूक करून माझ्यासमोर बसतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

"तेरावं होऊ दे, मग बघू"

सगळ्यात महागात पडते ती ही चूक.

स्मशानभूमी महापालिकेची असेल तर दोन मुदती डोक्यात पक्क्या हव्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 487 प्रमाणे पालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मुंबईला 1888 चा वेगळा कायदा आहे, त्यातलं कलम 527 हेच सांगतं. हे सहा महिने पडल्याच्या दिवसापासून मोजायचे. प्लास्टर निघाल्यापासून नव्हे आणि पालिकेचं उत्तर आल्यापासून तर नव्हेच.

काही वर्षांपूर्वी एक शिंपीकाका आले होते. सख्ख्या भावाला अग्नी देऊन झाल्यावर सगळे हातपाय धुवायला नळाकडे गेले. दहनशेडच्या मागे तो नळ, तोटी कायमची गळकी आणि खालच्या कोटा फरशीवर शेवाळाचा हिरवा पट्टा. काका उजव्या हातावर पडले आणि मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. शिंप्याचा उजवा हात! सळई घातली तरी अंगठा पूर्ण मिटेना. कात्री धरता येईना.

माझ्याकडे येताना त्यांनी साड्यांच्या दुकानाची एक कापडी पिशवी आणली होती. आत सात अर्ज, प्रत्येकावर पालिकेचा गोल आवक शिक्का. प्रत्येक अर्जाच्या शेवटी "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती". पडले 9 ऑगस्टला, पहिला अर्ज तेरावं उरकून 25 ऑगस्टला, शेवटचा 14 जानेवारीला. दर वेळी कोणीतरी "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" म्हणालं आणि ते पुढच्या आठवड्यात गेले. माझ्यासमोर ती पिशवी रिकामी झाली तेव्हा मार्चचा शेवटचा आठवडा होता.

सातही अर्ज मी दोनदा वाचले. एकातही कोणत्या तारखेला, किती वाजता, नेमकं कुठे पडलो ते नव्हतं. भरपाई न दिल्यास दावा लावीन, हे तर नव्हतंच. तो तक्रार अर्ज होता, कलम 487 ची नोटीस नव्हती. सहा महिने 9 फेब्रुवारीलाच संपले होते. मुदत कायद्याच्या कलम 15 प्रमाणे नोटिशीचा महिना वगळून मिळाला असता, तोही 9 मार्चला संपलेला. तरी मी दावा लावला. निष्काळजीपणा हे कायद्याखाली केलेलं कृत्य नाही, म्हणून सहा महिन्यांची अट इथे लागू नाही, असा युक्तिवाद केला. न्यायालयाने तो मानला नाही आणि मुदतीच्या प्राथमिक मुद्द्यावरच दावा गेला. शेवाळाचा फोटो पुराव्यात वाचलाही गेला नाही. अपील करू म्हटलं तर काका म्हणाले, "ताई, आता पुरे." तो दिवस मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझा नेम आहे. पक्षकार आला की आधी पडल्याची तारीख विचारते आणि फाईलवर लाल पेनाने पाच महिन्यांनंतरची तारीख लिहिते. नोटीस त्याच आठवड्यात आयुक्तांच्या नावे मुख्य कार्यालयात देते आणि पोच घेते. वॉर्ड ऑफिसात नाही, नगरसेवकाच्या हाती तर नाहीच. पक्षकाराचं नाव, राहण्याचा पत्ता, घटनेची तारीख-वेळ-जागा आणि मागणीची रक्कम, सगळं पहिल्या पानावर. सुतक असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी माझ्याकडे यावं. कागद करायला सुतक आड येत नाही.

नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. महिना संपला की दावा लावा.

केसपेपरवर "घरी पडले"

हे इतक्यांदा पाहिलंय की आता चीड येते. दवाखान्यात नेणारा पुतण्या किंवा शेजारी म्हणतो, "स्मशानात पडले सांगितलं तर पोलीस येतील, घरी बाथरूममध्ये घसरले म्हणा." डॉक्टर तसं लिहितात. दोन वर्षांनी उलटतपासणीत पालिकेचे वकील तेवढी एकच ओळ मोठ्याने वाचून दाखवतात आणि पाच साक्षीदारांची साक्ष हलकी होते. दवाखान्यात खरं काय ते सांगा आणि केसपेपरवर काय लिहिलं ते निघण्यापूर्वी वाचा. एमएलसी, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद, झाली तर ती तुमच्याच बाजूचा पुरावा असते.

जागा कोणाची, हे न पाहता नोटीस

फाटकावर पालिकेचा फलक आहे म्हणजे जागा पालिकेची, असं धरून चालू नका. स्मशानभूमी पालिकेची असते, समाजाच्या ट्रस्टची असते, नगरपरिषदेने बांधून ट्रस्टला चालवायला दिलेली असते. कब्रस्तान वक्फचं असू शकतं, ख्रिस्ती दफनभूमी चर्चची. गावात ग्रामपंचायत. लाकूड, दिवे, साफसफाई यांचा ठेकेदार आणखी वेगळा.

माझ्या एका सहकाऱ्याने फलक बघून दफनभूमीत पडल्याचा दावा पालिकेवर लावला. एक म्हातारा गृहस्थ खचलेल्या कबरीच्या कडेवरून घसरून खुब्याचं हाड मोडून बसला होता. दीड वर्षाने पालिकेने मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) हजर केली. जागा ट्रस्टची आणि देखभालही ट्रस्टची, पालिकेचा संबंध फक्त रस्त्यावरच्या दिव्याशी. ट्रस्टला नंतर सामील केलं, पण मुदत कायद्याचं कलम 21 असं की नव्या प्रतिवादीपुरता दावा तो सामील झाला त्या दिवशी लागला असं धरतात. ट्रस्टला सहा महिन्यांची अट नाही, तीन वर्षं पुरी व्हायची होती, म्हणून तो दावा वाचला.

मी पहिल्याच दिवशी सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढते आणि माहिती अधिकारात अर्ज टाकते. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. "माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. साफसफाईच्या ठेक्याचा कार्यादेश, मागच्या बारा महिन्यांची तक्रार नोंदवही, त्या दिवशी नेमलेल्या कर्मचाऱ्याचं हजेरीपत्रक, अशी नावं घेऊन मागा. आधी कोणीतरी त्याच नळाबद्दल तक्रार केलेली निघाली, तर निम्मं काम झालं. संशय असेल तर पालिका, ट्रस्ट, ठेकेदार, तिघांनाही नोटीस द्या.

फोटो व्हॉट्सॲपवर, मूळ गायब

फॉरवर्ड केलेल्या फोटोतून मूळ तारीख निघून जाते. फोटो ज्या फोनने काढला त्यातच जपा, फोन विकू नका. डिजिटल पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लावल्याशिवाय फोटो पुरावा म्हणून वाचून घेणं जड जातं. खड्डा किंवा तुटकं चेंबरचं झाकण असेल तर बाजूला लाकडी फूटपट्टी ठेवून फोटो काढा, खोली डोळ्यांनी दिसली पाहिजे. आणि दुसऱ्याच दिवशी काढा. बातमी लागली की तिसऱ्या दिवशी तिथे सिमेंट पडलेलं असतं.

सीसीटीव्ही असेल तर चित्रण जपून ठेवा, असं पत्र त्याच आठवड्यात द्या. महिन्याभराने मागितलं तर त्यावर नवं चित्रण चढलेलं असतं.

चप्पल फेकू नका. "पाय ओले होते, अनवाणी होते, स्वतःच घसरले" हा बचाव ठरलेला आहे. स्मशानात माणूस अनवाणी आणि ओलाच असतो, जागा बांधणाऱ्याने ते धरूनच फरशी घालायला हवी, असं मी दर वेळी म्हणते. पण दोष थोडा तुमच्याकडेही गेला तर भरपाई तेवढी कमी होते.

"पडलो ना, मग पैसे मिळणारच"

नाही. समोरच्याची हयगय सिद्ध करावी लागते. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं. इमारत तिच्या ताब्यात होती, ती आपोआप पडत नसते, हा त्यामागचा विचार. त्याच न्यायालयाने 1997 मध्ये राजकोटला रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला मात्र भरपाई नाकारली. झाड पडेल हे पालिकेला आधी कळायला हवं होतं, असं तिथे ठरलं नाही. म्हणून शेवाळ किती दिवसांचं होतं, तक्रार आधी गेली होती का, यालाच मी इतकं धरून बसते. महापालिकेच्या कायद्यात मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणं हे बंधनकारक कर्तव्य आहे, ते दाव्यात लिहाच. पण तेवढ्याने हुकूम होत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलपायी मृत्यू झाल्यास 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख, असा आदेश दिला. त्याचं कात्रण घेऊन लोक येतात. तो आदेश रस्त्यांबद्दल आहे, स्मशानातल्या नळाखालच्या फरशीबद्दल नाही. त्या कात्रणावर विसंबून नोटीस लांबवू नका.

राहिलेल्या छोट्या गोष्टी

बिलांच्या नुसत्या झेरॉक्सवर भागवू नका आणि नुसत्या मूळ पावतीवरही नको, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षात उडतात. मूळ पावती आणि झेरॉक्स दोन्ही जपा. पन्नास लाख मागून कोर्ट फी अंगावर घेऊ नका, बुडालेल्या कमाईचा हिशेब जमेल तेवढंच मागा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, तालुका विधी सेवा समितीत स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही. पडल्याने माणूस दगावला असेल तर 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली पती-पत्नी, आईवडील, मुलं दावा करू शकतात.

आणि ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात पाच हजार घेऊन आला, तर पैसे घ्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तो देतो त्या कागदावर "पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली" हे शब्द आहेत का ते वाचा. असतील तर सही करू नका. कागद घरी आणा आणि मला किंवा तुमच्या वकिलाला दाखवा.